गाडीच्या पोटाखालचा वाद

१२ फेब्रुवारी २०१४च्या पहाटे अमेरिकेतल्या केंटकी राज्यात, बोलिंग ग्रीन गावच्या राष्ट्रीय कॉर्व्हेट संग्रहालयात जमीन खचली. हा सगळा चुनखडीचा प्रदेश, पाण्याने आतून पोखरलेला. घुमटाखालच्या दालनाची फरशी फुटली आणि आठ कॉर्व्हेट गाड्या खालच्या गुहेत गेल्या. पुढच्या काही आठवड्यांत क्रेनने आठही गाड्या वर काढल्या. त्यांतल्या तीन पुन्हा पहिल्यासारख्या करायच्या आणि पाच जशा निघाल्या तशाच, चेपलेल्या पत्र्यासकट आणि मातीसकट ठेवायच्या, असं शेवटी ठरलं. आज तिथे दोन्ही प्रकार पाहायला मिळतात.

जुनी स्पोर्ट्स कार बाळगणाऱ्या प्रत्येकाला हा प्रश्न लहान प्रमाणात पडतोच. गाडीच्या पोटाखाली आणि इंजिनावर पन्नास वर्षांचं तेल, धूळ, मीठ आणि गंज बसलेला असतो. त्यातलं काय काढायचं आणि काय राहू द्यायचं?

पुढचा संवाद कल्पित आहे. त्यातली माहिती मात्र खरी. मामा कोल्हापूरच्या उद्यमनगरात, फाउंड्रीवाल्यांच्या घरात वाढलेले. डेट्रॉइटजवळ गाड्यांच्या गंज-चाचण्यांच्या कामात नोकरी करून निवृत्त झाले. भाची संग्रहालयातल्या वस्तूंचं जतन करण्याचं काम करते. दोघं बोलिंग ग्रीनचं संग्रहालय पाहून आली आहेत आणि मामांची १९७४ची कॉर्व्हेट गॅरेजमध्ये लिफ्टवर चढवलेली आहे.

भाची : मामा, फवारा सुरू करायच्या आधी एक सांग. त्या पाच गाड्या चिखलासकट ठेवलेल्या तुला आवडल्या नाहीत ना?

मामा : बघवल्या नाहीत. माणसांनी एवढी डोकी लावून बनवलेली वस्तू, आणि आपण तिच्यावरची माती जपतोय. गाडी चालली पाहिजे. ती निळी झेडआर-१ बघ, २००९ची. त्या खड्ड्यातून वर आली, चालू केली, आणि स्वतःच्या चाकांवर बाहेर गेली. मला तिचं कौतुक आहे.

भाची : मलाही आहे. पण ती दुरुस्त झालीच. दहा लाखावी गाडी, १९९२ची पांढरी, तीही झाली. १९६२ची काळीही झाली, तिला २०१८ उजाडलं. राहिलेल्या पाचांतल्या काहींचं इतकं चिपाड झालं होतं की दुरुस्त करायचं म्हणजे नवीनच बांधायची आणि तिला जुनं नाव द्यायचं. त्यापेक्षा जमीन खचल्यावर काय होतं ते त्यांनाच सांगू दिलं. शिवाय ते खचणं हाही आता त्या संग्रहालयाच्या इतिहासाचा भाग आहे.

मामा : बरं, कोरड्या दालनात, काचेमागे ठेवलेल्या गाडीचं मी मान्य करतो. तिथली माती गरीब आहे, काही करत नाही. पण ही गाडी मिशिगनमध्ये आहे. इथली माती काम करते. तिच्यात मीठ आहे.

भाची : रस्त्यावर टाकतात ते.

मामा : तेच. १९४१मध्ये न्यू हॅम्पशायरने राज्यभर हिवाळ्यात मीठ टाकायचं धोरण सुरू केलं, बाकीच्यांनी युद्धानंतर उचललं. आता देशभरात वर्षाला दोन कोटी टनांच्या आसपास मीठ रस्त्यावर पडतं. आणि गंमत बघ, ज्या डेट्रॉइटने जगाला गाड्या दिल्या, त्याच शहराच्या खाली, हजार फुटांहून खोल, मिठाची खाण आहे. वर लोखंड जोडायचं आणि खालून ते खाणारं काढायचं.

भाची : पण कॉर्व्हेटला गंज कसला? बॉडी तर फायबरग्लासची.

मामा : हाच तर भ्रम. १९५३च्या पहिल्या तीनशे गाड्यांपासून बॉडी फायबरग्लासचीच आहे, पण ती बसते कशावर? पोलादी फ्रेमवर. माझ्या या गाडीत पुढच्या काचेभोवतीसुद्धा पोलादाचा सांगाडा आहे, त्याला इथे बर्डकेज म्हणतात. वरून गाडी आरशासारखी चकाकते, आणि आत काचेखाली तो सांगाडा भुगा झालेला असतो. विकत घेणारा फसतो तो इथेच. साध्या गाडीचा पत्रा सडला की फोड येऊन बाहेरून दिसतो. या गाडीची कातडी सडतच नाही, म्हणून हाडं सडलेली कळत नाहीत.

भाची : आणि फ्रेम?

मामा : ये इकडे, टॉर्च धर. मागच्या चाकाच्या पुढे फ्रेम वर वळते, ती ही जागा. फ्रेम पोकळ आहे. चाकाने उडवलेला चिखल भोकांतून आत जातो आणि या वळणावर साठतो. खाली पाणी निघायला भोकं ठेवलेली असतात, तीच बुजतात. मग हा ओला, खारट चिखल लोखंडाला पोटीस बांधल्यासारखा चिकटून राहतो. बाहेर उन्हाळा लागला तरी आत ओलच. त्यात हल्ली नुसतं साधं मीठ नाही, मॅग्नेशियम आणि कॅल्शियम क्लोराइडसुद्धा वापरतात. ते हवेतली आर्द्रता ओढून घेतात, म्हणून पाऊस नसतानाही ओले राहतात. आणि क्लोराइड धातूवरचा जो पातळ संरक्षक थर असतो तोच फोडतं, खड्डे पाडतं. वरून गंज थोडा दिसतो, पण टोच्या लावला की आरपार.

भाची : म्हणजे गाडी रोज गरम गॅरेजमध्ये ठेवणारे स्वतःच्या पायावर धोंडा पाडून घेतात?

मामा : न धुता ठेवत असतील, तर हो. कडाक्याच्या थंडीत गंजाची क्रिया मंदावते. मिठाने माखलेली गाडी उबदार गॅरेजमध्ये आणली की बर्फ वितळतो, मीठ विरघळतं आणि क्रिया पुन्हा जोर धरते. आम्ही प्रयोगशाळेत दुसरं काय करायचो? पाच टक्के मिठाचं पाणी, पस्तीस अंश सेल्सिअसची पेटी, आणि तिच्यात नमुन्यावर सतत धुकं सोडायचं. ही अमेरिकेतली प्रमाणित चाचणी १९३९पासून आहे. लोक आपल्या गॅरेजमध्ये ती फुकटात करतात.

भाची : पटलं. मग मीठ धुऊन काढ, माझी काहीच हरकत नाही. माझा आक्षेप त्यानंतरच्या पायरीवर आहे. आता तू ते काळं, चिकट सगळं खरवडणार.

मामा : अर्थात! तो मळ आहे.

भाची : टॉर्च इथे आण. गिअरबॉक्सच्या मागे, हा फ्रेमचा भाग. इंजिनच्या मागच्या सीलमधून वर्षानुवर्षं तेल गळलं, धावताना वाऱ्याने मागे उडालं, त्यावर धूळ बसली. बोटभर जाड थर. आता मी हे थोडं पुसते, फडक्याने. बघ.

मामा : रंग आहे.

भाची : मूळ काळा रंग. आणि गंजाचा ठिपका नाही. तू म्हणतोस त्या वळणापासून जेमतेम हातभर अंतर. तिथे आरपार, इथे कोरं. का?

मामा : कारण तेलाने पाणी लागू दिलं नाही. हे खरं आहे. गळक्या गाडीचं पोट बऱ्याचदा ठणठणीत निघतं, मेकॅनिक लोक त्यावरून थट्टाही करतात. पण म्हणून काय गळती राहू द्यायची? तेल एक्झॉस्टवर पडलं तर पेट घेईल. आणि स्वच्छ इंजिनावर नवी गळती लगेच दिसते. मळलेल्या इंजिनावर सगळंच काळं.

भाची : गळती बंद करच. पण पुसण्याआधी तो मळ वाच ना. तेलाचा ओघळ कुठून सुरू होतो, धुळीचा थर कुठे ओला आणि कुठे सुका, यावरून गळती कुठली ते कळतं. पहिल्याच फटक्यात सगळं धुतलंस तर तुझा पुरावा गटारात गेला, आणि पुन्हा मळायची वाट बघत बसावं लागेल.

मामा : हे कुठलाही चांगला मिस्त्री करतो.

भाची : मग आपण दोघं एकच काम करतो. आता आणखी थोडं पुसते. हे पांढरं काय आहे?

मामा : स्टेन्सिल! फ्रेम ए. ओ. स्मिथ कंपनीकडून तयार होऊन सेंट लुइसच्या कारखान्यात यायची. तिच्यावर भाग-क्रमांक आणि तारीख पांढऱ्या रंगात छापलेली असायची. माझ्या गाडीवर ती शिल्लक असेल असं वाटलंच नव्हतं.

भाची : तेलाच्या मळाने ती पन्नास वर्षं सांभाळली. तू डिग्रीझर मारून प्रेशर वॉशर लावला असतास तर एका मिनिटात गेली असती. १९७४मध्ये स्थापन झालेली कॉर्व्हेट पुनरुज्जीवकांची राष्ट्रीय संस्था गाड्या तपासते तेव्हा हेच बघते ना? कारखान्यातल्या तपासनिसाची खडूची खूण, बोल्ट घट्ट केल्याचा रंगाचा ठिपका, नारिंगी इंजिनाला रंग मारताना शेजारच्या भागावर उडालेले शिंतोडे.

मामा : बघतात. आणि कारखान्यापेक्षा जास्त गुळगुळीत केलेल्या गाडीचे गुणही कापतात. १९७४च्या कामगाराने घाईत मारलेला रंग घाईतलाच दिसला पाहिजे, असं त्यांचं म्हणणं. पण त्यांतही एक ढोंग आहे, बरं का. लोक आधी सगळं पुसून काढतात आणि मग नव्या खडूने जुन्या खुणा काढतात.

भाची : त्यालाच माझा विरोध. खूण खरी असेल तर ठेवा, नसेल तर नसू द्या. त्या दहा लाखाव्या गाडीचं बघ. १९९२मध्ये बोलिंग ग्रीनच्या कामगारांनी तिच्या भागांवर सह्या केल्या होत्या. दुरुस्तीच्या वेळी जनरल मोटर्सने सह्या असलेले भाग शक्य तितके वाचवले, आणि जे वाचवणं शक्य नव्हतं त्यांवरच्या सह्या स्कॅन करून नव्या भागांवर घेतल्या. पत्रा नवा आणता येतो, ज्यांनी गाडी जोडली त्यांचे हात परत आणता येत नाहीत.

मामा : मग तुझ्या मताने मी करू तरी काय? हल्ली पोर्शवाले ड्राय आइसने पोट साफ करून घेतात. पाणी नाही, रसायन नाही. तुला चालेल?

भाची : आधी ते काम कसं करतं ते सांग.

मामा : घन कार्बन डायऑक्साइड. उणे साडेअठ्ठ्याहत्तर अंश. तांदळाच्या दाण्याएवढे कण हवेच्या दाबाने मारायचे. मळ एकदम थंड होऊन कडक होतो आणि तडकतो, कण आदळल्याने सुटतो, आणि कणाचा क्षणात वायू होऊन फुगतो तो मळाला मागून ढकलतो. उरतो फक्त पडलेला मळ. वाळूच्या माऱ्यासारखी धातूची झीज नाही, वायरिंगच्या जवळ पाणी नाही. जहाजातून येताना गंजू नये म्हणून कारखान्यात लावलेलं मेण वर्षांनी पिवळं पडतं, तेसुद्धा छान निघतं. लई देखणं काम.

भाची : आणि गंज?

मामा : सुटे पापुद्रे उडतात. धातूत घट्ट बसलेला गंज तसाच राहतो. हे जाहिरातीत कुणी ठळक सांगत नाही. साफ झालेल्या पोटाचे फोटो बघून लोकांना वाटतं गंज गेला. गेलेला असतो मळ. उलट तेलाचा थर निघाल्यामुळे आता ते लोखंड उघडं पडलेलं असतं. त्यावर काही लावलं नाही तर पुढच्या हिवाळ्यात बघायला नको.

भाची : म्हणजे या फ्रेमवर ड्राय आइस मारला तर स्टेन्सिल जाण्याची शक्यता, संरक्षक तेल नक्की गेलं, आणि गंज मात्र मुक्कामाला. माझं उत्तर मिळालं.

मामा : वरच्या ॲल्युमिनियमच्या भागांना मी तो पसंत करेन तरी. कारण दुसरे पर्याय जास्त घातक आहेत. दुकानात मिळणारे जबरदस्त डिग्रीझर घे. त्यांतल्या बऱ्याचशांत कॉस्टिक असतं. लोखंडाला ते फार काही करत नाही, पण ॲल्युमिनियमला लागलं की बुडबुडे येतात आणि पृष्ठभाग काळवंडतो. तो डाग पुसून जात नाही, कारण तो डाग नसतो, धातूच खाल्लेला असतो. आता १९६८ ते १९७७च्या काळातलं पोर्श ९११चं इंजिन घे. त्यातल्या बहुतेकांचं आवरण मॅग्नेशियमचं. त्याला अल्कली चालते, आम्ल चालत नाही. चाकांसाठीचं आम्लयुक्त क्लीनर त्यावर उडालं की संपलं.

भाची : एकाच गाडीत तीन धातू, आणि तिघांची पथ्यं वेगळी.

मामा : शिवाय जिथे पोलादाचा बोल्ट ॲल्युमिनियममध्ये घुसतो तिथे मिठाचं पाणी मिळालं की दोघांमध्ये छोटी बॅटरी तयार होते आणि ॲल्युमिनियमचा बळी जातो. पांढरी पावडर दिसते ना बोल्टभोवती, ती हीच. बोल्ट मग असा जाम होतो की पाना लावला की तुटतो. हल्लीच्या कॉर्व्हेटची फ्रेम ॲल्युमिनियमची असते, म्हणून लोक निर्धास्त असतात. तांबडा गंज नाही, एवढंच. पांढरा आहे.

भाची : मग तू स्वतः इंजिन कसं धुतोस?

मामा : गार असताना. गरम लोखंडावर गार पाणी मारत नाही. कार्ब्युरेटरचं तोंड, डिस्ट्रिब्यूटर आणि अल्टरनेटर प्लॅस्टिकने बांधतो. सौम्य साबण, मऊ ब्रश, आणि पाणी जेमतेम, कमी दाबाने. नव्या गाडीत तर आणखी जपायचं, कारण तिथे शेकडो विजेचे जोड असतात. प्रेशर वॉशर दोन इंचांवरून मारला की पाणी सीलच्या आत शिरतं. लगेच काही होत नाही. काही महिन्यांनी पिना हिरव्या पडतात आणि गाडी कारण नसताना बंद पडायला लागते. मग सगळे कॉम्प्युटरला दोष देतात.

भाची : बघ, तूच किती हात राखून साफ करतोस. पोटाखाली एवढा आडदांड का होतोस?

मामा : कारण पोटाखाली जीव अडकलेला असतो. हे पाइप दिसतात? ब्रेकच्या तेलाचे. पोलादाचे, पेन्सिलपेक्षाही बारीक. २०१५च्या एप्रिलमध्ये अमेरिकेच्या महामार्ग सुरक्षा संस्थेने पाच वर्षांची एक चौकशी संपवली. १९९९ ते २००३ मॉडेलचे सुमारे पन्नास लाख पिकअप आणि एसयूव्ही, ब्रेकचे पाइप गंजून फुटत असल्याच्या तक्रारी. निष्कर्ष काय, तर हा बनावटीतला दोष नाही, मिठाच्या राज्यांत वयाने होणारी झीज आहे. आणि लोकांना सल्ला काय दिला? गाडीचं पोट नियमित धुवा, पाइप तपासून घ्या. सरकार सांगतंय, पोट धुवा! मळ तुझा पुरावा असेल, पण त्याच मळाखाली फुटायला आलेला पाइप असेल, तर मी तो मळ पुसणारच.

भाची : इथे मी तुझ्याशी भांडणार नाही. ब्रेकचा पाइप झाकणारा थर ठेवायचा नाही. पण मग एक थर तू स्वतः लावतोस त्याचं काय? तो डांबरासारखा काळा अंडरकोट.

मामा : मी नाही लावत.

भाची : आधीच्या मालकाने लावलाय, हा बघ. मागच्या बाजूला. किती नीटनेटकं दिसतंय.

मामा : टोच्या दे. हे... हे पोपड्यासारखं उचकटलं. आत बघ, नुसता तांबडा भुसा. हा रबरी थर लावताना लोखंड कोरडं नव्हतं, किंवा पुढे कुठे चीर पडली. पाणी आत गेलं आणि बाहेर यायला वाट नाही.

भाची : या गाडीच्या पोटातली सगळ्यात स्वच्छ दिसणारी जागा सगळ्यात जास्त सडलेली, आणि सगळ्यात घाण दिसणारी जागा सगळ्यात धड. मला एवढंच म्हणायचं होतं. आमच्या शिक्षणात अजिंठ्याचं उदाहरण शिकवतात. १९२० ते २२च्या सुमारास निजाम सरकारने इटलीहून चेकोनी आणि ओर्सिनी या तज्ज्ञांना बोलावलं. सुटणारी चित्रं त्यांनी मनापासून बसवली, त्यातलं बरंच काम उपयोगीच ठरलं. पण वरून लाखेचं व्हार्निश दिलं. तेव्हा रंग उजळून आले. पुढे तेच व्हार्निश पिवळं पडलं, चित्रं काळोखली, आणि ते काढायला पुढच्या पिढ्यांना झटावं लागलं. त्यावरून आम्ही एक नियम पाळतो. जे लावाल ते उद्या काढता आलं पाहिजे.

मामा : तो नियम मला मान्य. म्हणून मी लोकरीच्या चरबीचं लॅनोलिन फवारतो. ते सुकत नाही, फुटत नाही, चीर पडली तर सरकून भरतं, आणि पुसून काढता येतं. दर वर्षी पुन्हा लावावं लागतं आणि त्यावर धूळ बसते, म्हणून दिखाऊ लोकांना आवडत नाही.

भाची : म्हणजे तू गाडीला मुद्दाम मळकट ठेवतोस!

मामा : कामाचा मळ. पण मला तुमच्या मंडळींची दुसरी गोष्ट खटकते. हल्ली मळालाच भाव आलाय. कॅलिफोर्नियातल्या पेबल बीचच्या जुन्या गाड्यांच्या स्पर्धेत २०२४मध्ये काय झालं ऐकलंस ना? १९३४ची बुगाटी टाइप ५९, कधीही नव्यासारखी न केलेली, झिजलेली, तिला सर्वोच्च किताब. जतन-वर्गातल्या गाडीला तो पहिल्यांदाच मिळाला. आता श्रीमंतांना चकाकी स्वस्त वाटते, म्हणून ते ओरखडे विकत घेतात. उद्या कुणी नव्या गाडीवर खोटा गंज रंगवून आणेल. आणतातही!

भाची : खोट्या गंजाचा मला तुझ्याइतकाच राग येतो. पण ती बुगाटी घे. शर्यती धावलेली, पुढे बेल्जियमच्या राजाकडे गेलेली. तिचा प्रत्येक ओरखडा कुठल्यातरी दिवसाचा आहे. फिलाडेल्फियात डॉ. फ्रेड सिमिओन यांचं संग्रहालय आहे, त्यांनी आयुष्यभर हेच मांडलं. स्वतः मेंदूचे शल्यविशारद. त्यांच्या संग्रहातली कोब्रा डेटोना कूपे २०१४मध्ये राष्ट्रीय ऐतिहासिक वाहनांच्या नोंदवहीतली पहिली गाडी ठरली. आणि तिथल्या गाड्या काचेमागे कोंडलेल्या नाहीत, मामा. त्या बाहेर काढून चालवतात. जुना रंग ठेवायचा आणि ब्रेक मात्र ठीक ठेवायचे, हे दोन्ही जमतं.

मामा : चालवतात हे ऐकून बरं वाटलं.

भाची : आता मी तुला अडचणीचा प्रश्न विचारते. हा मळ धुतल्यावर पाणी कुठे जातं?

मामा : गॅरेजच्या बाहेर. उतारावरून, रस्त्याकडेच्या गटारात.

भाची : ते पावसाच्या पाण्याचं गटार आहे. इथे बहुतेक ठिकाणी ते सांडपाण्याच्या प्रक्रियेला जात नाही, सरळ ओढ्यात आणि नदीत जातं. तेल, डिग्रीझर, जड धातू सगळं. १९७२च्या स्वच्छ पाणी कायद्यापासून यावर बंधनं आहेत. आपण गाडीतला विषारी थर काढतो म्हणजे तो नाहीसा होत नाही, फक्त दुसऱ्याच्या दारात ढकलतो. आणि या गाडीचे जुने ब्रेक? १९७४च्या ब्रेक पॅडमध्ये अ‍ॅस्बेस्टॉस असायचं. त्याची धूळ हवेच्या झोताने उडवशील तर ती तुझ्या छातीत जाईल.

मामा : हा मुद्दा मला लागला. ब्रेकची धूळ ओल्या फडक्याने टिपायची, झोत मारायचा नाही, हे आम्ही कारखान्यात पाळायचो; घरी माणूस विसरतो. तेलकट मळ आधी प्लॅस्टिकच्या पट्टीने कोरडाच खरवडायचा, खाली ताडपत्री, आणि तो टाकाऊ तेलाबरोबर संकलन केंद्राला द्यायचा. उरलेलं धुवायला जिथे पाणी गाळून घेतात अशा वॉशिंग सेंटरला. नुसतं मीठ धुवायचं असेल तर साधं पाणी, फ्रेमच्या आतूनसुद्धा, खालच्या भोकांतून स्वच्छ पाणी येईपर्यंत.

भाची : मग क्रम असा लागतो. आधी फोटो, प्रत्येक भागाचे. मग बघायचं, कुठला थर काय करतोय. मीठ धरणारा चिखल ताबडतोब बाहेर. ब्रेक आणि इंधनाचे पाइप पूर्ण उघडे, डोळ्यांना दिसतील असे. कुजलेला अंडरकोट काढायचा, कारण तो गंज लपवतो. तेलाच्या थराखाली धातू आणि रंग धड असेल तर हाताने, हळूहळू. आणि फ्रेमवर ठोकलेल्या गाडीच्या क्रमांकाजवळ वायर ब्रश किंवा वाळूचा मारा अजिबात नाही. तो क्रमांक म्हणजे गाडीची ओळख, तो मुद्दाम मिटवणं तर इथे गुन्हा आहे.

मामा : आणि गंज? त्यालाही ठेवणार का?

भाची : दोन प्रकार. दाबून बसलेला, पातळ, कोरडा तपकिरी गंज असेल, मीठ निघून गेलं असेल, तर त्यावर लॅनोलिन पुरे. पापुद्रे निघत असतील, खाली ओल असेल, तर तो जिवंत आहे. तो काढायचाच.

मामा : जिवंत गंज मी यांत्रिकपणे काढतो, वायर ब्रशने, शुद्ध धातू लागेपर्यंत. ज्या कानाकोपऱ्यात ब्रश जात नाही तिथे फॉस्फोरिक आम्लाचं कन्व्हर्टर. त्याने गंजाचं फॉस्फेट होतं, काळसर थर येतो. पण सैल गंजावर ते लावणं म्हणजे फसवणूक. वरचा थर बदलतो, आतला काम चालू ठेवतो.

भाची : मग आता या स्टेन्सिलकडे बघ. शेवटचे दोन आकडे, इथे खालच्या कडेला.

मामा : फुगलंय. रंगाखाली गंज आहे, जिवंत.

भाची : म्हणजे तुझा नियम आणि माझा नियम एकाच दोन इंचांत भिडले.

मामा : त्यात अवघड काय? फ्रेम तुटली तर स्टेन्सिल कोण वाचणार? ते दोन आकडे खरवडायचे, गंज काढायचा, रंग मारायचा, आणि आकडे पुन्हा छापायचे. मूळ स्टेन्सिलसारखी अक्षरं मिळतात.

भाची : खरवडायला हरकत नाही. आधी पारदर्शक कागदावर ते छापून घेऊ, फोटो काढू, मग फुगलंय तेवढंच काढू. उरलेले आकडे मेण लावून ठेवू. पण नवे आकडे छापायचे नाहीत.

मामा : अर्धा क्रमांक ठेवायचा? जनरल मोटर्सवाले दहा लाखाव्या गाडीवर सह्यांची नक्कल करतात, आणि मला दोन आकडे छापू देत नाहीस?

भाची : त्यांनी काय केलं ते त्यांनी जाहीर सांगितलं. तू सांगणार आहेस का? तू गेल्यावर ही गाडी जो घेईल त्याला कसं कळेल की कुठला आकडा १९७४चा आणि कुठला तुझा?

मामा : लिहून ठेवतो. गाडीच्या कागदपत्रांत, तारखेसकट. कुठे काय खरवडलं, काय लावलं, कुठले आकडे नव्याने छापले. फोटोही त्यातच.

भाची : तसं असेल तर छाप. मला आवडणार नाही, पण मी खोटं म्हणणार नाही.

मामा : ठरलं. आणि हे मागचे ब्रेकचे पाइप मी आजच बदलणार आहे. त्यांचा फोटो काढायचा तर आत्ता काढ, कारण त्यांच्याबद्दल मी तुझं काही ऐकून घेणार नाही.